परत तोच समोर

दसरा होऊन दोनतीन दिवस झाले होते, दारावरच्या तोरणातला झेंडू काळपट पडायला लागला होता, आणि शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर भाच्याचा व्हॉइस मेसेज आला. "मामा, उद्या कोण? परेरा का अंकालाएव?" यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या झुंजीच्या) सगळ्यात मोठ्या संघटनेत, परेरा आणि अंकालाएव दुसऱ्यांदा भिडणार होते. मी काही बोलायच्या आत दुसरा आला, "मला तर वाटतं अंकालाएवच, मार्चमध्ये पाच राऊंड मागं मागं रेटत नेला होता त्याला, आता सात महिन्यांत काय बदलणारे." आणि मग बऱ्याच वेळानं तिसरा आला, त्यात आवाज एकदम खाली उतरलेला होता. "जो एकदा हरलाय तो त्याच माणसाशी परत कसा काय जिंकेल, मामा?" पहिल्या दोन मेसेजना मी पटकन काहीतरी उत्तर दिलं असतं, पण तिसऱ्याशी अडलो. कारण तो प्रश्न परेराबद्दल नव्हताच. पोरगा सोळा वर्षांचा आहे, पुण्यात एका जिममध्ये एमएमए शिकतो, आणि पावसाळ्यात एका छोट्या स्पर्धेत पहिल्याच राऊंडमध्ये गळ्याला विळखा बसून टॅप करून, म्हणजे हातानं थोपटून हार मानून आला होता. समोरचा पोरगा त्याच वजनगटातला, त्याच शहरातला. पुढच्या स्पर्धेत परत तोच समोर येणार हे याला माहीत होतं आणि मलाही. मी लिहिलं, "उद्या सकाळी बोलू." फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

रीमॅचचा, म्हणजे त्याच दोघांच्या पुन्हा होणाऱ्या लढतीचा अंदाज सांगणं हा पहिल्या लढतीच्या अंदाजापेक्षा पूर्णपणे वेगळा प्रकार आहे असं मला खूप वर्षांपासून वाटतं. पहिल्यांदा दोघं भिडतात तेव्हा आपण उंची बघतो, हाताची लांबी बघतो, कोण उभ्यानं चांगला आणि कोण जमिनीवर हे बघतो आणि ठोकताळा मांडतो. दुसऱ्यांदा मात्र आपल्यासमोर एक घडलेली गोष्ट असते, व्हिडिओसकट, आणि माणसाचं मन असं आहे की घडलेलं एकदा डोळ्यानं बघितलं की ते तसंच घडणार होतं असं वाटायला लागतं. तो पडला म्हणजे तो पडणाराच होता. रीमॅचला आपल्याला खरं तर विचारलेलं असतं की हा माणूस मधल्या काळात बदलला का. तेवढंच सोडून बाकी सगळ्यावर आपण तासन् तास बोलतो.

आमच्याकडं सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जत्रेतली कुस्ती बघत जे मोठे झाले त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लाल माती, हलगी, फेट्यातले पंच, आणि आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसलेली जुनी माणसं. एखाद्या पैलवानाची गेल्या साली हरलेल्याच गड्याशी परत जोड लागली की ही माणसं कोण जिंकणार यावर फार बोलायची नाहीत. कशावर गेला होता, एवढंच विचारायची. पटावर गेला का, ढाक बसली का, का दम संपून गेला? पट निघाला असेल तर वर्षभरात पाय मागं टाकायला शिकला का ते बघू. दम संपला असेल तर मेहनत किती घेतली ते मांड्यांवर आणि मानेवर दिसतंच. आणि डाव बिव काही नाही, नुसता समोरच्याला घाबरून गेला असेल, तर मग ते कुणालाच बाहेरून दिसत नाही, हात मिळवताना कळेल. मला एमएमए कळायला लागलं ते या बसलेल्या माणसांमुळं. यूएफसी आम्ही खूप नंतर बघायला लागलो, आधी कुणाच्या तरी लॅपटॉपवर आणि मग टीव्हीवर, रविवारी सकाळी साडेसातला, घरात पोह्यांची फोडणी चाललेली असताना.

कशावर गेला होता. माझ्या मते सगळा अंदाज इथून सुरू व्हायला पाहिजे.

फ्रान्सिस एन्गानूचं घ्या. कॅमेरूनमधल्या बातिए गावचा, लहानपणी वाळूच्या खाणीत फावडं मारलेला, सहारा ओलांडून मोरोक्कोमार्गे युरोपात पोचलेला आणि पॅरिसमध्ये रस्त्यावर झोपलेला माणूस. जानेवारी 2018 मध्ये बॉस्टनला तो स्टीपे मिओचिचशी हेवीवेटच्या पट्ट्यासाठी भिडला तेव्हा निम्मं जग म्हणत होतं की पहिल्या राऊंडमध्ये मिओचिच झोपणार. पहिला राऊंड एन्गानूनं अक्षरशः सगळं ओतून मारला, हुकला, परत मारला, आणि दुसऱ्यापासून त्याच्या तोंडाचा आ मिटेना. मिओचिच त्याला पिंजऱ्याच्या जाळीला दाबायचा, खाली न्यायचा, वर बसून राहायचा. शेवटी तिन्ही पंचांनी 50-44 दिले, म्हणजे एकही राऊंड नाही. आता कशावर गेला? दमावर गेला, कुस्तीवर गेला. पण त्याच वर्षी जुलैमध्ये तो डेरिक लुईसशी खेळला, आणि दोन एवढे जड हाताचे लोक पंधरा मिनिटं एकमेकांकडं बघत उभे राहिले, प्रेक्षक हुर्यो करत होते, कुणी हातच उचलेना. त्या लढतीनंतर एन्गानूनं स्वतःच जाहीर सांगितलं की मागच्या लढतीतली भीती मी या लढतीत घेऊन आलो. मला तेव्हा त्याच्याबद्दल जे वाटलं ते अजून आठवतं. एवढा धिप्पाड माणूस, ज्याच्यासमोर उभं राहायला लोक घाबरतात, तो म्हणतो मला भीती वाटत होती. खूप आपुलकी वाटली, आणि त्याच वेळी असंही वाटलं की आता हा संपला, हे दुखणं कुठल्या कोचला बरं करता येईल.

मग त्यानं चार लढती मारल्या. ब्लेड्स 45 सेकंदांत, केन व्हेलास्केझ 26, डॉस सँटोस 71, रोझेनस्ट्राइक 20. बेरीज केली तर तीन मिनिटं पण होत नाहीत. आणि मार्च 2021 मध्ये मिओचिचशी परत गाठ ठरली तेव्हा अंदाज सांगणाऱ्यांची खरी पंचाईत इथं होती, कारण ज्या गोष्टीवर तो हरला होता त्याचा पुरावा या चार विजयांत कुठंच नव्हता. दम वाढला का? कळायला मार्ग नाही, कुणी त्याला दमवलंच नाही. खाली नेल्यावर काय करतो? कुणी नेलंच नाही. विजयांची नुसती यादी बघितली तर वाटतं, केवढा फरक पडलाय, पण नीट बघितलं तर ती यादी मुद्द्याच्या प्रश्नावर एक शब्द बोलत नाही. लोक मात्र यादी बघूनच बोलत होते, दोन्ही बाजूंचे.

ती लढत लास व्हेगासच्या एका छोट्या हॉलमध्ये झाली, कोविडमुळं प्रेक्षक नव्हते, त्यामुळं ग्लोव्ह अंगावर बसल्याचा आवाज, पाय घासल्याचा आवाज, कॉर्नरमधले लोक काय ओरडतायत ते सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी ज्या क्षणाची वाट बघत होतो तो पहिल्याच राऊंडमध्ये आला. मिओचिच पायात शिरला, म्हणजे आपल्या भाषेत पट काढायला गेला, तीन वर्षांपूर्वी जे हवं तेव्हा मिळत होतं तेच मागायला गेला. आणि एन्गानूनं पाय मागं टाकले, वजन त्याच्या पाठीवर सोडलं, शांतपणे वळसा घालून मागं गेला आणि वरून मारायला लागला. जेमतेम काही सेकंदांचा खेळ. नॉकआउट दुसऱ्या राऊंडच्या 52 व्या सेकंदाला झाला, डाव्या हुकवर, मिओचिच स्वतःच्या दुमडलेल्या पायावर कोसळला, तेच सगळीकडं दाखवतात आणि दाखवावं असंच आहे. पण माझ्यासाठी लढत पहिल्या राऊंडमध्येच फिरली होती. तो घाईत नव्हता. दमाचा प्रश्न त्यानं दम वाढवून सोडवला का ते आजही त्या लढतीवरून सांगता येणार नाही, पण उधळपट्टी थांबवली हे दिसलं. पुढं जानेवारी 2022 मध्ये सिरिल गानशी खेळताना तर गुडघा फाटलेला असताना हाच माणूस दुसऱ्याला खाली नेऊन कुस्तीवर जिंकला. ज्यावर हरला होता त्यावरच.

हे सगळं मी भाच्याला ऐकवू शकलो असतो आणि त्याला बरं वाटलं असतं. पण मग हेही सांगायला लागलं असतं की असं नेहमी होत नाही. कमारू उस्माननं मासविदालला आधी पाच राऊंड कुस्तीवर दाबून हरवलं आणि नऊ महिन्यांनी दुसऱ्यांदा एका उजव्या हातात झोपवलं, म्हणजे हरलेला तिथंच राहिला आणि जिंकलेलाच शिकून आला. हे लोक विसरतात. आपल्याला हरलेल्याची तयारी दिसते कारण त्याची गोष्ट चांगली असते, पहाटे उठून पळणारा, दाढी वाढवलेला, डोंगरात ट्रेनिंग करणारा. जिंकलेला माणूस पण त्याच पहाटे उठलेला असतो.

आणि मग ऑगस्ट 2022. दहीहंडी नुकतीच होऊन गेलेली, चौकातल्या मंडपाचे बांबू अजून तसेच उभे होते. उस्मान आणि लिऑन एडवर्ड्स, सॉल्ट लेक सिटी. पहिली लढत डिसेंबर 2015 मधली, ऑरलँडोतली, तेव्हा दोघंही वर चढत होते, तीन राऊंड उस्माननं कुस्तीवर काढून नेले. त्यानंतर उस्मान चॅम्पियन झाला, यूएफसीतले त्याचे सलग विजय 15 वर गेले, आणि एडवर्ड्सही त्या दिवसापासून हरलेला नव्हता. किंग्स्टनमध्ये जन्मलेला, बर्मिंगहॅममध्ये वाढलेला, वडिलांचा खून झालेला, गल्लीतल्या टोळ्यांत जाता जाता आईनं ओढून जिममध्ये घातलेला मुलगा. सात वर्षं थांबला होता. तरी बहुतेक सगळे उस्मान म्हणत होते आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पहिल्या राऊंडमध्ये एडवर्ड्सनं टांग मारून उस्मानला पाडलं. यूएफसीत उस्मानला तोपर्यंत कुणीही पाडलेलं नव्हतं. आम्ही दोघंतिघं बसलो होतो ते सगळे एकदम सोफ्यावरून पुढं सरकलो. पाठीवर चढला, गळ्यात हात घालायचा प्रयत्न केला, राऊंड संपला. मग दुसऱ्या राऊंडपासून हळूहळू सगळं 2015 सारखं व्हायला लागलं. ते शहर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, एडवर्ड्सचे खांदे खाली आले, डोळ्यातलं काहीतरी गेलं. उस्मान जाळीला दाबतोय, खाली नेतोय, वर बसतोय. तिसरा तसाच. चौथा तसाच. ते बघणं खरंच अवघड होतं, कारण तो मार खाऊन हरत नव्हता, तो आधी हरला होता तसाच हरत होता, जणू त्या जुन्या व्हिडिओतच परत जाऊन अडकला होता. कॉमेंट्रीवाले पण म्हणायला लागले की हा आतून मोडलाय. चौथ्या आणि पाचव्या राऊंडच्या मधल्या मिनिटात त्याचा कोच डेव्ह लव्हेल त्याच्यासमोर आला, आणि त्यानं डावपेच कमी सांगितले, तो चिडला होता, कळवळला होता, विचारत होता की तुला झालंय काय, त्याला असा दादागिरी करू देऊ नकोस. बाप पोराला बोलतो तसं बोलत होता. एडवर्ड्स मान हलवत होता पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

पाचव्या राऊंडची चार मिनिटं पण तशीच गेली. तिन्ही पंचांच्या कागदावर उस्मान पुढं होता, शेवटचा एक मिनिट राहिला होता. मग एडवर्ड्सनं डाव्या हाताची हूल दिली. नुसती हूल. उस्मानचा हात ती अडवायला पुढं गेला, डोकं त्याच बाजूला झुकलं, आणि त्या हाताच्या मागून डावी लाथ वर आली. मी ती पुढं शंभर वेळा बघितली असेल, आणि दर वेळी मला लाथेपेक्षा ती हूलच जास्त दिसते. दुसऱ्या राऊंडपासून जो माणूस संपल्यासारखा दिसत होता त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एवढं शिल्लक होतं की हा माणूस हात बघून कुठल्या बाजूला वाकतो ते त्यानं टिपून ठेवलं होतं. उस्मान उताणा पडला, डोळे उघडे, आणि आमच्या खोलीत कुणालाच काही बोलता येईना. 56 सेकंद राहिले होते. एडवर्ड्स ओरडत होता की सगळे म्हणत होते मला जमणार नाही, आता बघा. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते कुणासाठी होतं ते मला नीट सांगता येत नाही, कारण मला उस्मानही तितकाच आवडतो आणि त्याला असं पडलेलं बघून पोटात खड्डा पडला होता.

नंतर लोक म्हणाले, लॉटरी लागली. मार्च 2023 मध्ये लंडनला तिसरी लढत झाली तेव्हा अंदाज पुन्हा उस्मानच्याच बाजूनं झुकलेला होता, की बाबा 24 मिनिटं कोण जिंकत होता बघा, एक लाथ सोडली तर. तर्क बरोबर वाटतो. पण तिसऱ्यांदा एडवर्ड्स वेगळाच माणूस होता, उस्मान खाली न्यायला यायचा आणि तो बहुतेक वेळा उभाच राहायचा, जाळी धरली म्हणून पंचांनी एक गुण कापला तरी जिंकला. म्हणजे त्या एका लाथेनं बाकीच्या चोवीस मिनिटांचा अर्थ बदलून टाकला होता, दोघांच्याही मनात. हे कुठल्या आकडेवारीत बसवायचं? मला वाटतं नाही बसत, आणि तरी अंदाज सांगणाऱ्यानं ते धरायला पाहिजे. शेवटची आठवण कुणाकडं आहे, हे बघायला पाहिजे.

अडेसान्या आणि परेराचं तर याहून टोकाचं. 2016 मध्ये चीनमध्ये किकबॉक्सिंगला परेरा गुणांवर जिंकला, 2017 मध्ये साओ पावलोत त्यानं अडेसान्याला झोपवलं, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्कला यूएफसीत पाचव्या राऊंडमध्ये परत संपवलं. तीन वेळा एकच माणूस. भाच्याच्या हिशोबानं तर विषयच संपला. पण तिसऱ्या लढतीत पाचव्या राऊंडपर्यंत गुणांवर पुढं कोण होता, तर अडेसान्या. बहुतेक वेळ तो जिंकत असायचा आणि मग एका क्षणी परेरा त्याला गाठायचा. एप्रिल 2023 ला मियामीत चौथ्यांदा भिडले, दुसऱ्या राऊंडमध्ये अडेसान्या पाठ जाळीला लावून हात तोंडाशी घेऊन अडकल्यासारखा उभा, परेरा संपवायला पुढं आला आणि त्याच क्षणी उजवा हात कानावरून आला, परत आला, परेरा खाली. ज्या जागी तो दर वेळी गाठला जायचा तिथंच त्यानं दुसऱ्याला गाठलं.

पण त्या विजयात एक गोष्ट आहे जी मला आजही टोचते. जिंकल्यावर अडेसान्यानं हवेत बाण मारले ते ठीक, मग त्यानं प्रेक्षकांत बसलेल्या परेराच्या मुलाकडं बोट दाखवून स्वतःला धाडकन खाली पाडलं. कारण 2017 मध्ये बाप जिंकल्यावर तेव्हा लहान असलेला तो मुलगा रिंगमध्ये येऊन अडेसान्याच्या शेजारी तसाच आडवा पडून त्याची नक्कल करून गेला होता. सहा वर्षं या माणसानं एका लहान मुलाची ती नक्कल मनात जपून ठेवली होती. मला ते बघून वाईट वाटलं आणि त्याच वेळी पूर्ण समजलंही. हरलेल्या माणसाला काय काय लक्षात राहतं याची आपल्याला, बाहेरून बघणाऱ्यांना, कल्पना नसते. आपण हातांची लांबी मोजत बसतो.

तर त्या रविवारी सकाळी परेरा-अंकालाएव दुसऱ्यांदा भिडले. मार्चमध्ये परेरा पाचही राऊंड मागं सरकत होता, आपण तेव्हा पूर्ण फिट नव्हतो असं तो सांगत होता, पण असं तर हरलेले बरेच जण सांगतात. यावेळी घंटा वाजल्या वाजल्या तो पुढं चालत आला. एवढाच बदल. मागं जाणारा माणूस पुढं आला. अंकालाएवला स्वतःची पावलं टाकायला जागाच मिळेना, उजवा हात बसला, तो पायाला मिठी मारायला खाली वाकला आणि परेरानं वरून कोपरांनी संपवलं. 80 सेकंद.

दहा मिनिटांनी भाच्याचा फोन आला. तो लढतीबद्दल काहीच बोलला नाही. थोडा वेळ नुसताच फोनवर होता, मागं ताईचा कुकर वाजत होता, मग म्हणाला, "मामा, त्याच्याशी परत आलं माझं तर?" मी विचारलं, "तू कशावर गेला होतास?" तर म्हणाला, "गिलोटिनवर." म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळायचा डाव. म्हटलं तो डाव झाला, त्याच्या आधी काय केलं होतंस? त्याला सांगता येईना. मग संध्याकाळी तो घरी आला आणि ताईच्या फोनमधला व्हिडिओ आम्ही बघितला. ताईनंच काढलेला, हात थरथरतोय, मध्येच छत दिसतं, मध्येच समोरच्या माणसाचं डोकं, आणि तिचा आवाज, "ऊठ रे, ऊठ रे बाळा". तो आवाज आला की याचं तोंड दुसरीकडं वळायचं. मी आवाज बंद केला. मग हळू करून बघितलं. हा पायात शिरतोय, चांगला शिरतोय, वेळही बरोबर साधलाय, पण नजर जमिनीकडं, डोकं समोरच्याच्या काखेच्या बाहेर, मान उघडी. समोरच्या पोरानं काही विशेष केलंच नव्हतं, मान हातात आली ती धरली. परत बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच व्हिडिओ थांबवला, स्क्रीनवर स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं, आणि म्हणाला, "ही इथं." पावसाळ्यापासून त्यानं तो व्हिडिओ एकदाही उघडलेला नव्हता. मी त्याला जिंकशील असं म्हटलं नाही. ते मला माहीत नव्हतं, आणि तो समोरचा पोरगा पण काही झोपा काढत बसलेला नसणार. पण नजर वर ठेवून डोकं छातीला चिकटवून शिरायचं एवढं तरी रोज शंभर वेळा करता येतं, आणि डिसेंबरच्या स्पर्धेला अजून वेळ होता.

यात एक प्रकार असा आहे की ज्यात कशावर गेला हे विचारायची सोयच नसते, आणि तोच मला सगळ्यात अवघड वाटतो. पहिली लढत अर्धवट राहिलेली असते. मार्च 2021 मध्ये याच एडवर्ड्सचं बोट बेलाल मुहम्मदच्या डोळ्यात गेलं, दुसऱ्या राऊंडच्या 18 व्या सेकंदाला, तो माणूस ऑक्टॅगॉनमध्ये, त्या आठकोनी पिंजऱ्यात बसून अक्षरशः रडत होता, आणि लढत निकालाविना रद्द. जेवढी झाली त्यात एडवर्ड्सनं पहिला राऊंड एकतर्फी घेतला होता, त्यामुळं सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलं. तीन वर्षांनी, जुलै 2024 मध्ये, मँचेस्टरला परत भिडले, अमेरिकेच्या वेळेसाठी तिथल्या लोकांना पहाटेपर्यंत जागायला लावून, आणि बेलालनं घरच्या प्रेक्षकांसमोर एडवर्ड्सला पुन्हा पुन्हा खाली नेऊन पट्टा काढून घेतला. पाच मिनिटांवरून पंचवीस मिनिटांचा अंदाज बांधला होता. त्याच रात्री, त्याच कार्डवर टॉम अ‍ॅस्पिनल कर्टिस ब्लेड्सशी दुसऱ्यांदा खेळला. त्यांची पहिली लढत लंडनमध्ये 15 सेकंदांत संपली होती कारण लाथ मारताना अ‍ॅस्पिनलचाच गुडघा गेला होता. कागदावर हार, पण त्यातून कुणाबद्दल काय कळणार? यावेळी त्यानं ब्लेड्सला बरोबर साठाव्या सेकंदाला संपवलं.

आणि आता तोच अ‍ॅस्पिनल. परेराच्या लढतीनंतर तीन आठवड्यांनी, 25 ऑक्टोबर 2025 ला, अबू धाबीत सिरिल गानशी. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेली होती, भाचा मुक्कामाला आलेला, दोघं जागे. गान हलका, तरंगल्यासारखा फिरणारा, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बरोबर नाकावर ठेवत होता, अ‍ॅस्पिनलच्या नाकातून रक्त यायला लागलं होतं. आणि 4 मिनिटं 35 सेकंदांना गानची बोटं दोन्ही डोळ्यांत. अ‍ॅस्पिनल स्टुलावर बसून डोळे मिचकावत होता, डॉक्टर विचारत होते, त्याला दिसत नव्हतं, लढत तिथंच निकालाविना थांबली, आणि प्रेक्षक त्यालाच हुर्यो करत होते. मला त्या हुर्योचा फार राग आला. दिसत नसलेल्या माणसानं हेवीवेटच्या हाताखाली परत उभं राहावं अशी मागणी करणारे आपण कोण. भाचा म्हणाला, "आता परत झाली तर गानच, बघितलंस ना कसा मारत होता."

मी तेव्हा काही बोललो नाही, पण नंतर बराच विचार केला आणि माझं मत वेगळं आहे. साडेचार मिनिटं गाननं चांगली घेतली यात शंका नाही, पण ती बहुतेक उभ्यानं होती, जिथं तो जगातल्या सगळ्यात चांगल्या हेवीवेटांपैकी आहे. त्याची दुखरी जागा जमिनीवर आहे, एन्गानूनं फाटक्या गुडघ्यानं तिथंच त्याला हरवलं, जॉन जोन्सनं 2023 मध्ये पहिल्याच राऊंडमध्ये तिथंच गळा धरला. अ‍ॅस्पिनलकडं जुजित्सूचा, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कलेचा, ब्लॅक बेल्ट आहे आणि त्याचा वापर त्या रात्री झालाच नाही. उलट बाजूनं बघितलं तर अ‍ॅस्पिनलनं यूएफसीत आजवर तिसरा राऊंड बघितलेला नाही, म्हणजे लढत लांबली तर तो काय करतो हे कुणालाच माहीत नाही, आणि डोळ्यांचं तर आपल्याला बाहेरून काय कळणार, सरावानं दुरुस्त होणारी ती गोष्ट नाही. बोटं परत चेहऱ्याकडं आली की तो नकळत डोकं मागं घेईल का, आणि घेतलं तर गानचा जॅब परत तिथंच असेल. तरीही, डोळे पूर्ण बरे होऊन ते दोघं परत समोरासमोर आले तर माझा अंदाज अ‍ॅस्पिनल, पहिल्या दोन राऊंडच्या आत, खाली नेऊन. भाचा गानवर ठाम आहे. म्हणतो, मामा, तो जॅब तू नीट बघितला नाहीस.